पॅप ऑथेंटिकेशन अडते तेव्हा: दोन राउटरांमधील दोष शोधण्याची पद्धत

दोन राउटरांमधली पीपीपी (पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल, म्हणजे दोन टोकांमधील थेट दुव्याचा नियमसंच) जोडणी वर येत नाही आणि लॉगमध्ये ऑथेंटिकेशन (ओळख पटवणे) अयशस्वी झाल्याची ओळ दिसते, तेव्हा बहुतेक जण सर्वप्रथम दोन्हीकडचा पासवर्ड पुन्हा टाइप करतात. त्याने कधी कधी काम होतेही. पण चुकीचा पासवर्ड हे अनेक कारणांपैकी केवळ एक कारण आहे, आणि दोन्ही बाजू एकदम बदलल्या की मूळ दोष कोठे होता हे शोधण्याची वाटच बंद होते. त्यामुळे कोणत्याही पासवर्डला हात लावण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत: ओळख कोणी कोणाला मागितली, आणि नकार कोणी दिला? या लेखातील सर्व पायऱ्या याच दोन प्रश्नांभोवती फिरतात.

येथे विचार केला आहे तो पासवर्ड ऑथेंटिकेशन प्रोटोकॉलचा, म्हणजे पॅपचा. उदाहरणे सिस्कोच्या आयओएस प्रणालीतील आहेत. मात्र तारेवरून जाणाऱ्या संदेशांची रचना प्रमाणित असल्यामुळे दुसऱ्या कंपनीचा राउटर असला तरी विचाराची दिशा तीच राहते, फक्त आज्ञा बदलतात. आज्ञा आणि डिबगच्या (राउटर दाखवत असलेल्या आतल्या घडामोडींच्या नोंदीच्या) ओळी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. राउटरवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या आहेत.

पॅपचे काम कसे चालते

पीपीपी जोडणी टप्प्याटप्प्याने उभी राहते. १९९४ च्या आरएफसी १६६१ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात हे टप्पे दिले आहेत. आधी लिंक कंट्रोल प्रोटोकॉल, म्हणजे एलसीपी, दोन्ही टोकांमध्ये बोलणी घडवतो. त्यानंतर, बोलण्यांत तसे ठरले असेल तरच, ऑथेंटिकेशन होते. आणि ते पार पडल्यावरच आयपीसीपीसारखे प्रोटोकॉल आयपी पत्त्यांची व्यवस्था करतात. ऑथेंटिकेशन करायचे की नाही, आणि केले तर पॅपने की चॅपने (पासवर्ड उघड न पाठवता त्याची खातरजमा करणारी दुसरी पद्धत), हा निर्णय एलसीपीच्या टप्प्यातच होतो, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कारण 'पासवर्ड चालत नाही' अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींत पासवर्ड तारेवर गेलेलाच नसतो. बोलणीच फिसकटलेली असतात.

पॅपची स्वतःची देवाणघेवाण अगदी छोटी आहे. १९९२ च्या आरएफसी १३३४ नुसार ज्याला ओळख द्यायची आहे तो राउटर आपले नाव आणि पासवर्ड एका विनंतीत पाठवतो, आणि समोरचा राउटर होकार किंवा नकार कळवतो. पासवर्ड उघड स्वरूपात जातो. त्यावर कोणतेही कूटलेखन नसते. ही तपासणी जोडणी उभी राहताना होते, नंतर चालू जोडणीवर ती पुन्हा होत नाही. या दुसऱ्या गुणधर्मामुळे एक फसवा प्रकार घडतो: आज कोणी पासवर्ड चुकीचा बदलला तरी चालू जोडणी तशीच चालत राहते, आणि कित्येक आठवड्यांनी काही निमित्ताने लाइन क्षणभर तुटली की ती परत वर येत नाही. त्या दिवशी कोणी काहीच बदललेले नसते, म्हणून सगळ्यांचा संशय लाइन पुरवणाऱ्या कंपनीवर जातो. अशा वेळी बदलांची जुनी नोंद चाळणे हे केबल बदलण्यापेक्षा अधिक उपयोगाचे ठरते.

पॅपमधली प्रत्येक दिशा स्वतंत्र आहे, ही त्याहूनही महत्त्वाची बाब. 'शाखा' नावाचा राउटर 'मुख्य' नावाच्या राउटरला ओळख देतो, ही एक दिशा. 'मुख्य' राउटर 'शाखा'ला ओळख देतो, ही दुसरी. यातली एकच दिशा चालू ठेवता येते किंवा दोन्ही, आणि दोन्ही दिशांचे पासवर्ड वेगळे असले तरी हरकत नसते. एका दिशेसाठी लागणारी मांडणी पुढीलप्रमाणे असते.

'शाखा' राउटरवर:

इंटरफेस सिरियल ०/०/०
एन्कॅप्सुलेशन पीपीपी
पीपीपी पॅप सेंट-युजरनेम शाखा पासवर्ड (ठरलेला शब्द)

'मुख्य' राउटरवर:

युजरनेम शाखा पासवर्ड (तोच शब्द)
इंटरफेस सिरियल ०/०/०
एन्कॅप्सुलेशन पीपीपी
पीपीपी ऑथेंटिकेशन पॅप

'पीपीपी ऑथेंटिकेशन पॅप' ही आज्ञा ओळख मागणाऱ्याची आहे, आणि 'सेंट-युजरनेम' ही ओळख देणाऱ्याची. समोरून आलेल्या ओळखीची खातरजमा करण्यासाठी मागणारा राउटर आपल्याकडची 'युजरनेम' यादी पाहतो. दोन्ही दिशा हव्या असतील, तर हीच जोडी उलट बाजूनेही लिहावी लागते. कॉन्फिगरेशन नजरेखालून घालताना दोन्ही राउटरांचे कागद शेजारी ठेवून एका वेळी एकच दिशा वाचावी: याच्या सेंट-युजरनेमचे नाव आणि शब्द त्याच्या युजरनेम यादीत जसेच्या तसे आहेत का. दोन्ही दिशा एकदम वाचायला गेले की नजर हमखास चुकते.

पहिली पायरी: खालचे थर निर्दोष आहेत ना?

'शो इंटरफेसेस सिरियल ०/०/०' ही आज्ञा दोन्हीकडे चालवावी. इंटरफेसच डाउन असेल, तर केबल, मोडेम आणि क्लॉक (बिटांची गती ठरवणारा संकेत) पाहावे. 'शो कंट्रोलर्स' या आज्ञेतून कोणते टोक डीसीई (लाइनला क्लॉक पुरवणारे) आहे ते कळते आणि क्लॉक रेट त्याच टोकाला द्यावा लागतो. इंटरफेस अप पण लाइन प्रोटोकॉल डाउन असेल, तर एन्कॅप्सुलेशनची (डेटा कोणत्या प्रोटोकॉलच्या चौकटीत गुंडाळला जातो ते सांगणारी) ओळ पाहावी. सिस्कोच्या सिरियल इंटरफेसवर मुळात एचडीएलसी ही वेगळी पद्धत असते. एका बाजूला पीपीपी लिहिले आणि दुसरी बाजू तशीच राहिली, तर ऑथेंटिकेशनपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही.

याच आज्ञेत एलसीपीची अवस्थाही दिसते. एलसीपी सतत उघडतो आणि बंद होतो, इंटरफेस काही सेकंदांच्या अंतराने वरखाली होत राहतो, असे दिसले तर ऑथेंटिकेशनवर संशय घ्यायला चांगला आधार मिळतो. नकार देणारा राउटर जोडणी तोडतो, मग बोलणी पुन्हा सुरू होतात, पुन्हा नकार येतो, आणि हे चक्र थांबत नाही.

खात्री करायची असेल, तर तात्पुरते ऑथेंटिकेशन पूर्ण काढून पाहता येते. दोन्ही इंटरफेसवर 'नो पीपीपी ऑथेंटिकेशन' द्यावे आणि जोडणी बंद करून पुन्हा चालू करावी. ती वर आली, तर लाइन, क्लॉक, एन्कॅप्सुलेशन आणि एलसीपी हे सगळे एका फटक्यात संशयातून सुटतात. हा प्रयोग स्वतःच्या ताब्यातील खासगी लाइनवरच करावा. बाहेरून कोणीही डायल करू शकेल अशा इंटरफेसवर ऑथेंटिकेशन काढणे म्हणजे दार उघडे टाकून जाणे होय.

दुसरी पायरी: डिबग लावण्याची तयारी

डिबगच्या ओळींना मिलिसेकंदांपर्यंतची वेळ लागावी म्हणून 'सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स डिबग डेटटाइम मिलिसेक' ही ओळ कॉन्फिगरेशनमध्ये असावी. दूरून लॉगिन केले असेल, तर 'टर्मिनल मॉनिटर' दिल्याशिवाय पडद्यावर काहीच येत नाही. व्यग्र राउटरवर कन्सोलकडे जाणारे लॉग बंद करून ते बफरमध्ये साठवणे योग्य, कारण कन्सोलचा वेग कमी असतो आणि ओळींचा पूर आला तर राउटरच मंदावतो. मग या दोन आज्ञा द्याव्यात:

डिबग पीपीपी नेगोशिएशन
डिबग पीपीपी ऑथेंटिकेशन

त्यानंतर इंटरफेसवर 'शटडाउन' आणि 'नो शटडाउन' देऊन जोडणी नव्याने उभी करावी. यात एक धोका आहे. ज्या लाइनवरून आपण त्या राउटरमध्ये शिरलो आहोत तीच लाइन बंद केली, तर 'नो शटडाउन' टाइप करायला कोणी उरत नाही. दुसरा मार्ग नसेल, तर कॉन्फिगरेशन सेव्ह न करता आधी 'रीलोड इन १०' द्यावे. म्हणजे संपर्क तुटला तरी दहा मिनिटांनी राउटर जुन्या कॉन्फिगरेशनसह सुरू होईल. काम नीट झाले की 'रीलोड कॅन्सल' विसरू नये.

शक्य असेल तर डिबग दोन्ही टोकांना एकाच वेळी लावावे. एका टोकाच्या नोंदीवरून निदान होते, पण दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की शंकेला जागा राहत नाही.

तिसरी पायरी: बोलण्यांमध्ये पॅप ठरला का?

डिबगमध्ये प्रत्येक संदेशापुढे 'ओ' किंवा 'आय' असे अक्षर असते. 'ओ' म्हणजे आपण पाठवलेला, 'आय' म्हणजे आपल्याकडे आलेला. आता एलसीपीच्या ओळींत 'ऑथप्रोटो' हा शब्द शोधावा. जो राउटर ओळख मागतो तो आपल्या कॉन्फरेक (बोलण्यांतील विनंतीच्या) संदेशात हा पर्याय घालतो. पॅपसाठी त्यापुढे ०३०४सी०२३ असा आकडा दिसतो: ०३ हा पर्यायाचा क्रमांक, ०४ ही त्याची लांबी, आणि सी०२३ म्हणजे पॅप. चॅपसाठी तेथे ०३०५सी२२३०५ दिसते. शेवटचा ०५ म्हणजे चॅप वापरत असलेली एमडी५ ही गणिती पद्धत.

आपल्या मागणीला कॉन्फ-ॲक आले, तर समोरच्याने ओळख देण्याचे मान्य केले. कॉन्फरेज आले, तर त्याने ओळख द्यायलाच नकार दिला. याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे समोरच्या राउटरवर 'सेंट-युजरनेम'ची ओळ नसणे, किंवा ती चुकीच्या इंटरफेसवर लिहिलेली असणे. डायलर इंटरफेस (प्रत्यक्ष इंटरफेसशी जोडलेला आभासी इंटरफेस) वापरणाऱ्या मांडणीत हा गोंधळ विशेष होतो. तेथे प्रत्यक्ष इंटरफेस आणि डायलर या दोन्हींवरच्या पीपीपीच्या ओळी एकमेकींशी जुळतात का, हे पाहावे. पॅपमध्ये राउटर आपले होस्टनेम आपणहून पाठवत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे. चॅपची सवय असलेल्या माणसाला ही ओळ अनावश्यक वाटते आणि तो ती लिहीत नाही.

कॉन्फनॅक आले, तर समोरचा दुसरी पद्धत सुचवत आहे. आपण 'पीपीपी ऑथेंटिकेशन चॅप पॅप' असे लिहिले असेल, तर आधी चॅप सुचवला जातो आणि समोरच्याने तो नाकारून पॅप मागितला तर पॅपवर येणे होते. पॅप हवा असताना चॅपच ठरत असेल, तर ओळख देणाऱ्या बाजूला 'पीपीपी चॅप रिफ्यूज' लिहिता येते.

एकाच दिशेने ओळख हवी असताना नकळत दोन्ही दिशांनी मागितली जाणे, ही चूकही फार आढळते. इंटरनेट सेवा पुरवठादाराशी पीपीपीओई (इथरनेटवरून चालणारी पीपीपी) जोडणी करताना ग्राहकाच्या राउटरने पुरवठादाराकडे ओळख मागण्याचे सहसा कारण नसते. तेथे 'पीपीपी ऑथेंटिकेशन पॅप' एवढेच लिहिले, की ग्राहकाचा राउटर पुरवठादारालाच पासवर्ड विचारू लागतो, तो नकार देतो आणि जोडणी पडते. त्या ओळीच्या शेवटी 'कॉलइन' हा शब्द घातला, म्हणजे आत येणाऱ्या कॉलसाठीच ओळख मागितली जाते.

एलसीपी उघडल्यावर 'फेज इज ऑथेंटिकेटिंग' अशी ओळ येते आणि तिच्या शेवटी दिशा स्पष्ट लिहिलेली असते: 'बाय बोथ' म्हणजे दोघेही मागत आहेत, 'बाय धिस एंड' म्हणजे फक्त आपण, 'बाय द पीअर' म्हणजे फक्त समोरचा. सगळ्या डिबगमधली एकच ओळ वाचायची सवलत मिळाली, तर ही वाचावी. लेखाच्या सुरुवातीच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर ती देते.

चौथी पायरी: नकार कोणी दिला?

आता पॅपच्या ओळी. ऑथ-रेक ही ओळख देणाऱ्याची विनंती, ऑथ-ॲक हा होकार, ऑथ-नॅक हा नकार. आपल्या नोंदीत 'ओ ऑथ-नॅक' दिसले, तर नकार आपण दिला आहे; म्हणजे आलेले नाव व शब्द आपल्या युजरनेम यादीशी जुळले नाहीत. 'आय ऑथ-नॅक' दिसले, तर नकार समोरून आला आहे. म्हणजे आपल्या सेंट-युजरनेमच्या ओळीची तुलना त्याच्या यादीशी करावी.

ऑथ-रेकच्या ओळीत पाठवणाऱ्याचे नाव अवतरणचिन्हांत छापलेले असते. ते यादीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडावे. लहान-मोठ्या लिपीतील फरक, हायफनऐवजी अंडरस्कोर, शून्याऐवजी ओ, असे दोष येथेच सापडतात. पासवर्ड मात्र डिबगमध्ये दिसत नाही. तरीही त्याची लांबी काढता येते, आणि ही युक्ती फारशी कोणी वापरत नाही म्हणून ती सविस्तर सांगतो.

ऑथ-रेकच्या ओळीत 'लेन' असा शब्द आणि त्यापुढे संदेशाची बाइटमधली लांबी असते. या संदेशात ४ बाइटचे शीर्ष, नावाची लांबी सांगणारा १ बाइट, प्रत्यक्ष नाव, पासवर्डची लांबी सांगणारा १ बाइट आणि प्रत्यक्ष पासवर्ड असतो. म्हणजे एकूण लांबीतून ६ आणि नावाची अक्षरे वजा केली, की पासवर्डची अक्षरे उरतात. नाव ६ रोमन अक्षरांचे आणि ठरलेला पासवर्ड ८ अक्षरांचा असेल, तर 'लेन २०' दिसायला हवे. तेथे २१ दिसले, तर एक अक्षर जास्त जात आहे, आणि ते बहुधा शब्दाच्या शेवटी नकळत पडलेला स्पेस असतो. ईमेलमधून किंवा दस्तऐवजातून ओळ चिकटवताना असा स्पेस सहज येतो. आयओएस शेवटचा स्पेस पासवर्डचाच भाग मानते, आणि पडद्यावर तो दिसत नाही. लांबी बरोबर येऊनही नकार येत असेल, तर अक्षरांच्या लहान-मोठ्या लिपीचा किंवा क्रमाचा दोष शोधावा, अथवा यादीतील बाजू संशयित धरावी.

पासवर्डमध्ये प्रश्नचिन्ह असेल, तर ते टाइप करताच आयओएस मदतीची सूची दाखवू लागते. ते चिन्ह उमटवण्यासाठी आधी कंट्रोल आणि व्ही दाबावे लागते. माझे मत असे, की जोडणीच्या पासवर्डात स्पेस आणि प्रश्नचिन्ह दोन्ही टाळावीत. त्यांनी मिळणारी सुरक्षितता दोन-चार अक्षरे वाढवूनही मिळते.

'सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन' चालू असेल, तर कॉन्फिगरेशनमध्ये पासवर्ड ७ या आकड्यानंतर सांकेतिक रूपात दिसतो. एकच शब्द दोन राउटरांवर वेगवेगळ्या सांकेतिक रूपांत दिसू शकतो, त्यामुळे ती रूपे जुळत नाहीत म्हणून पासवर्ड वेगळा आहे असा निष्कर्ष काढू नये. 'युजरनेम शाखा सीक्रेट' अशी ओळ असेल तर मात्र शब्द हॅशच्या (ज्यातून मूळ शब्द परत काढता येत नाही अशा सांकेतिक) रूपात साठवलेला असतो. पॅपला ते चालते, कारण आलेल्या उघड शब्दाचा हॅश काढून तुलना करता येते. चॅपला चालत नाही, कारण तेथे दोन्ही बाजूंना मूळ शब्दच लागतो. पॅपवर उत्तम चाललेली जोडणी चॅपवर नेताच पडते, तेव्हा हे कारण आधी तपासावे.

आणखी एक सापळा. युजरनेम यादी संपूर्ण राउटरची एकच असते; लोक लॉगिनसाठी वापरतात तीही तीच. जोडणीसाठी प्रशासकाचेच नाव वापरले असेल, तर कोणी प्रशासकाचा पासवर्ड बदलताच जोडणीही मोडते. शिवाय व्हीटीवाय (दूरून लॉगिन करण्याच्या) लाइनवर 'लॉगिन लोकल' असेल, तर तारेवरून उघड गेलेला जोडणीचा पासवर्ड राउटरमध्ये शिरायलाही उपयोगी पडतो. जोडणीचे नाव नेहमी वेगळे ठेवावे.

विनंती जाते, पण उत्तरच येत नाही

'ओ ऑथ-रेक' वारंवार दिसते, पण ॲकही नाही आणि नॅकही नाही, असा प्रकार बहुधा समोरच्या बाजूला रेडियस सर्व्हर (ओळख तपासणारा मध्यवर्ती सर्व्हर) असताना होतो. सिस्कोच्या राउटरवर रेडियसच्या उत्तरासाठी मुळात ५ सेकंद थांबण्याची आणि ३ वेळा पुन्हा विचारण्याची व्यवस्था असते; सर्व्हर गप्प राहिला तर तेवढ्यात पीपीपीचा धीर सुटतो. समोरच्या राउटरवर 'डिबग रेडियस' लावून सर्व्हरकडून काही येते का ते पाहावे, आणि पोर्ट दोन्हीकडे सारखे आहेत का तेही: १८१२ की जुने १६४५.

सर्व्हर नकार देत असेल, तर त्याच्याशी ठरलेला सामायिक शब्दही तपासावा. रेडियसमध्ये पॅपचा पासवर्ड या सामायिक शब्दाच्या साहाय्याने झाकून पाठवला जातो. तो शब्द दोन्हीकडे वेगळा असेल, तर सर्व्हरला मूळ पासवर्डाऐवजी अर्थहीन अक्षरे मिळतात आणि पूर्णपणे बरोबर असलेला पासवर्डही नाकारला जातो. 'एएए ऑथेंटिकेशन पीपीपी डिफॉल्ट ग्रुप रेडियस लोकल' असे लिहिले म्हणून नकारानंतर स्थानिक यादी पाहिली जाईल, असे समजू नये. पुढच्या पद्धतीकडे जाणे केवळ सर्व्हरने उत्तरच न दिल्यास होते. स्पष्ट नकार अंतिम असतो.

पाचवी पायरी: एकेक दिशा परत जोडणे

दोष सापडल्यावर दोन्ही दिशा एकदम चालू करू नयेत. एका दिशेला नकार मिळताच जोडणी तोडली जाते, त्यामुळे दुसऱ्या दिशेतला दोष नोंदीत दिसण्याची संधीच अनेकदा मिळत नाही. मग पहिली चूक सुधारल्यावर तशीच जोडणी पुन्हा पडते आणि आपली दुरुस्तीच चुकली असे वाटून माणूस बरोबर केलेली ओळ परत बिघडवतो. आधी 'मुख्य' राउटरवर ऑथेंटिकेशनची ओळ लावावी, जोडणी बंद-चालू करावी आणि ऑथ-ॲक प्रत्यक्ष पाहावे. मग 'शाखा' राउटरवर ती लावून तेच पुन्हा करावे.

ऑथ-ॲक आल्यानंतरही पिंग होत नसेल, तर तो प्रश्न आता पासवर्डाचा राहिलेला नाही. 'आयपीसीपी: स्टेट इज ओपन' अशी ओळ येते का ते पाहावे आणि पत्ते व राउटिंगकडे वळावे. जोडणी स्थिर झाली, की 'अनडिबग ऑल' द्यावे, चाचणीसाठी काढलेल्या ओळी परत आल्या आहेत का हे 'शो रनिंग-कॉन्फिग'मध्ये दोन्हीकडे पाहावे, आणि शेवटची एक बंद-चालू चाचणी करूनच कॉन्फिगरेशन सेव्ह करावे. चालू जोडणीवर पासवर्ड पुन्हा तपासला जात नसल्यामुळे ही चाचणी वगळली, तर सेव्ह केलेले कॉन्फिगरेशन बरोबर आहे की नाही हे लाइन पुढच्या वेळी तुटेल तेव्हाच कळेल.